वाचता येण्याआधीचा सभासद

सार्वजनिक ग्रंथालयाचा सभासद कोण, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर सगळ्यांनी गृहीत धरलेले आहे. ज्याला वाचता येते तो सभासद. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले दुसरे सूत्र म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे. हे सूत्र ग्रंथपालनाच्या परीक्षेत सगळेच लिहितात, पण वाचकाची गणती मात्र अक्षरओळखीपासून सुरू होते. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. त्यांतल्या कुठल्याही सर्वसाधारण ग्रंथालयाची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणावी. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी, अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुले-मुली, देवघेव खिडकीशी कादंबरी किंवा मासिक बदलायला आलेल्या दोन-चार बाया. बालविभाग असतो, पण तो बहुधा एका कपाटाचा, आणि कपाटातली पुस्तके आठ-दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी असतात. तीन वर्षांच्या मुलाने तिथे काय करावे, याची कसलीही तरतूद नसते. मला वाटते, आपल्या वाचनसंस्कृतीच्या दुखण्याचे मूळ इथे आहे. ग्रंथालयाने मुलाला वाचता येण्याची वाट पाहू नये. वाचता येण्याच्या कितीतरी आधी, घरच्या माणसांसकट, त्याला सभासद करून घ्यावे. सभासदत्व एकट्या वाचकाचे न राहता कुटुंबाचे झाले पाहिजे.

वाचन पहिलीच्या वर्गात सुरू होते ही समजूत पक्की असली तरी खरी नाही. अक्षर कळण्याआधी मुलाला बरेच काही कळावे लागते. पुस्तक कुठून उघडायचे, पाने कोणत्या दिशेने उलटायची, चित्राखालच्या काळ्या खुणांमध्ये काहीतरी सांगितलेले आहे, आणि आजी गोष्ट रोज तशीच्या तशी सांगते त्याचे कारण त्या खुणा आहेत. यमक ओळखणे, शब्दातले आवाज सुटे करणे, गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे ही कामे मूल ऐकून शिकते. ज्या घरात पुस्तक नाही, त्या घरातले मूल हे सारे सहाव्या वर्षी, चाळीस मुलांच्या वर्गात, बाराखडीच्या जोडीने शिकू पाहते. परिणाम दिसतो तो असा : 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २७.१ टक्के आहेत, आणि पाचवीतही हा आकडा ४८.७ टक्क्यांपुढे जात नाही. म्हणजे प्राथमिक शाळा संपता संपता निम्म्याहून अधिक मुले साधी गोष्ट वाचू शकत नाहीत. याला एकटे घरातले वातावरण जबाबदार आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षकांची कमतरता, गैरहजेरी, घरची भाषा आणि पुस्तकातली भाषा यांतले अंतर, अशी कारणे अनेक आहेत. गरीब घरांतल्या मुलांच्या कानावर तीन वर्षांत तीन कोटी शब्द कमी पडतात, हा अमेरिकेतला गाजलेला निष्कर्षही इथे आधाराला घेऊ नये. १९९५ चा तो अभ्यास अवघ्या ४२ कुटुंबांवर उभा होता आणि पुढे त्यावर सडकून टीका झाली. माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. मुलाच्या आयुष्यातली पहिली सहा वर्षे पुस्तकाविना जातात आणि त्या काळात गावातले सार्वजनिक ग्रंथालय हातावर हात ठेवून बसते, एवढे सत्य पुरेसे आहे.

वाचता येण्याआधी सभासद करून घेण्याची ही कल्पना परदेशातून उसनी आणलेली आहे असे कुणाला वाटेल, म्हणून आपल्याच इतिहासातली दोन पाने उलटून पाहावीत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शिकलेली माणसे वाचायला काही नसेल तर पुन्हा निरक्षर होतील, हे ओळखून त्यांनी १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांची आणि मुलांची वेगळी सोय झाली आणि खेड्यांकडे पेट्यांतून फिरती ग्रंथालये निघाली. बोर्डन यांच्यानंतर हे काम जनार्दन कुडाळकरांनी सांभाळले. दुसरे पान तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. सरकारी एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी, १९७५ मध्ये आली. सेवा घेणारा दाराशी येत नसेल तर सेवेने त्याच्या दाराशी जावे, हा धडा महाराष्ट्राने बालशिक्षणात गिरवला. ग्रंथालयांनी मात्र तो घेतला नाही.

का घेतला नाही, याचे कारण आपल्या ग्रंथालयांच्या जन्मात आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ ची. ही ग्रंथालये इंग्रजी राज्यात नव्याने शिकलेल्या प्रौढ पुरुषांसाठी निघाली. तिथे वर्तमानपत्र वाचावे, वाद घालावा, व्याख्यान ऐकावे, असा त्यांचा हेतू होता आणि तो मोलाचाच होता. मराठी ग्रंथसंग्रहालयांच्या स्थापनेने त्याला भाषाभिमानाची जोड मिळाली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने लोकांनी चालवलेल्या या संस्था तशाच ठेवल्या आणि त्यांना अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवून अनुदान देऊ केले. मद्रास किंवा कर्नाटकाच्या कायद्यातला ग्रंथालय उपकर आपण घेतला नाही. लोकसहभाग टिकला हा त्या निर्णयाचा फायदा. तोटा असा की संस्था ज्यांच्या वर्गणीवर आणि उत्साहावर चालते, त्यांच्याच गरजा ती ओळखते. तीन वर्षांचे मूल वर्गणी भरत नाही, कार्यकारी मंडळाच्या निवडणुकीत मत देत नाही आणि पुस्तक नाही म्हणून तक्रारही करत नाही. अशा सभासदाची आठवण संस्थेला आपोआप होणार नाही. ती कायद्याने आणि नियमाने करून द्यावी लागते.

इतर देशांतल्या प्रयत्नांपैकी एक इथे सांगण्यासारखा आहे, कारण त्याचा साचा आपल्या यंत्रणेत सहज बसतो. १९९२ मध्ये इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात ३०० कुटुंबांपासून 'बुकस्टार्ट' सुरू झाले. बाळ सात ते नऊ महिन्यांचे झाले की आरोग्य तपासणीच्या वेळी आरोग्यसेविका आईला पुस्तक आणि जवळच्या ग्रंथालयाचे निमंत्रण देई. कल्पनेतली खुबी पुस्तकापेक्षा वेळेत आणि माणसात होती. ज्या ठिकाणी प्रत्येक आई येतेच, त्याच ठिकाणी, जिच्यावर तिचा विश्वास आहे तिच्या हातून, पुस्तक घरात शिरले. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांतल्या काही मुलांचा शाळेपर्यंत माग काढला, तेव्हा ही मुले पुस्तकांशी अधिक सरावलेली आढळली. नमुना लहान होता, त्यामुळे त्यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण रचनेचे शहाणपण आकड्यांवर अवलंबून नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिला जातो. उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत त्या दिवशी आशाताई, परिचारिका, अंगणवाडीसेविका आणि गावातल्या तान्ह्यांच्या आया एकत्र असतात. त्याच दिवशी बाळाच्या नावाचे ग्रंथालयाचे कार्ड आणि एक जाड पानांचे चित्रपुस्तक देता येणार नाही का? मात्र नुसते पुस्तक वाटून थांबले तर त्या पुस्तकाचे शोभेच्या वस्तूत रूपांतर होईल आणि ते फळीवर जाऊन बसेल. पुस्तकामागे ग्रंथालय हवे, आणि तिथे दुसरे पुस्तक बदलून मिळायला हवे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की आईलाच वाचता येत नाही, तिथे पुस्तक देऊन काय उपयोग? हा आक्षेप दयाळू वाटतो, पण त्यात एक तुच्छता दडलेली आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हॅं यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या आणि गाणाऱ्या बहुसंख्य बाया निरक्षर होत्या. ज्या घरात अशी भाषा नांदत होती त्या घराला भाषेने दरिद्री म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? अंगाईगीत, बडबडगीत, उखाणा, कोडे, चिऊ-काऊची गोष्ट हे लहान मुलाच्या वाचनाचे अर्धे साहित्य झाले. उरलेले अर्धे म्हणजे चित्र आणि पुस्तक ही वस्तू. बिनशब्दांचे किंवा पानाला एका ओळीचे चित्रपुस्तक घेऊन निरक्षर आजीदेखील नातवाला मांडीवर बसवून मनाने गोष्ट रचू शकते, आणि ती गोष्ट तिच्या बोलीत असते हा वरचा फायदा. मजकूर वाचून दाखवण्याचे काम ग्रंथालयाने आठवड्यातून एकदा, मोठ्याने, सगळ्यांसमोर करावे. वारली, भिली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या वस्त्यांत तर गावातल्या माणसाने त्या भाषेत गोष्ट सांगणे आणि ग्रंथालयाने ती लिहून चित्रांसह ठेवणे, हीच पहिली पायरी ठरेल. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ काम करणाऱ्या 'क्वेस्ट' संस्थेने 'गोष्टरंग' उपक्रमात मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी नाट्यरूपाने आदिवासी भागातल्या शाळांपर्यंत नेल्या. पुस्तकातली गोष्ट आधी कानाने आणि डोळ्याने भेटते, आणि मग मूल त्या पुस्तकाकडे हात लांबवते.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडी आहे, पुढे शाळा आहे. ग्रंथालयाने त्यांच्या कामात का पडावे? अंगणवाडीसेविकेच्या डोक्यावर पोषण आहार, वजन-उंची, नोंदी, मोबाइलवरची माहिती आणि निरनिराळी सर्वेक्षणे यांचा भार किती असतो हे ठाऊक असलेला माणूस हा आक्षेप घेणार नाही. पण ती मोकळी असती तरीही ग्रंथालयाचे काम वेगळेच राहिले असते. शाळेत पुस्तक नेमून दिलेले असते आणि त्यावर प्रश्न विचारले जातात. ग्रंथालयात मूल स्वतः निवडते, आवडले नाही तर परत ठेवते, तेच पुस्तक सलग पाच आठवडे घरी नेते आणि कुणीही त्याला बोध काय घेतलास असे विचारत नाही. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ हा वयोगट पायाभूत मानते आणि सार्वजनिक ग्रंथालये वाढवण्याची भाषाही करते. २०२१ च्या 'निपुण भारत' अभियानाने तिसरीच्या अखेरीस वाचता यावे असे उद्दिष्ट ठेवले. या उद्दिष्टाचा भार एकट्या शाळेवर टाकून ते गाठता येईल असे मला वाटत नाही. शाळा मुलाला वाचायला शिकवू शकते. वाचावेसे वाटणे ही मोकळ्या निवडीतून येणारी गोष्ट आहे, आणि मोकळी निवड हा ग्रंथालयाचा स्वभाव आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाही. ड वर्गाच्या ग्रंथालयाला अनेक वर्षे वर्षाकाठी तीस हजार रुपये मिळत होते. पुढे ६० टक्के वाढीनंतर ते ४८ हजार झाले, म्हणजे महिन्याला चार हजार. त्यांतले निम्मे पगाराकडे जातात. उरलेल्यात वीजबिल, वर्तमानपत्रे आणि पुस्तके. एवढ्यावर कुणी चमत्कार करावा अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे, आणि अनुदान वाढले पाहिजे ही ग्रंथालय संघाची मागणी रास्त आहे. तरीही लहान मुलांची पुस्तके हा ग्रंथालयातला सर्वांत स्वस्त विभाग होऊ शकतो. चित्रपुस्तके मोठ्यांच्या कादंबरीपेक्षा कितीतरी कमी किमतीत येतात. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची बालविभागांसाठी साहाय्याची योजना आहे. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरच्या मराठी गोष्टी मोफत उतरवून छापता येतात. पैशापेक्षा मोठा अडथळा दाखलनोंद वहीचा आहे. पुस्तक फाटले, हरवले, त्यावर बाळाने दूध सांडले, तर तपासणीच्या वेळी उत्तर कोण देणार? या भीतीने चांगली चित्रपुस्तके कुलपात जातात आणि पाच वर्षांनी कोरी करकरीत बाहेर निघतात. लहान मुलांच्या विभागात फाटलेले पुस्तक हा वापराचा पुरावा मानला पाहिजे. त्या विभागातली ठरावीक पुस्तके दरवर्षी विनाचौकशी बाद करण्याची मुभा ग्रंथपालाला दिली, तर शासनाचा एक रुपयाही जास्त खर्च न होता कुलूप निघेल.

मराठीत चांगली पुस्तकेच कुठे आहेत, असेही विचारले जाते. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध', १९०६ मध्ये वा. गो. आपट्यांचे 'आनंद', १९७१ पासून बालभारतीचे 'किशोर', अशी मुलांच्या नियतकालिकांची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. पण ती परंपरा वाचू लागलेल्या मुलांची. त्याआधीच्या वयासाठी मराठीत फार उशिरा लिहिले गेले. माधुरी पुरंदरे यांनी 'राधाचं घर' आणि 'यश'च्या गोष्टींमधून शब्द आणि चित्र एकाच हाताने घडवून दाखवले आणि या वयाच्या मुलाच्या साध्या रोजच्या जगण्यात केवढी गोष्ट असते ते मराठीला कळले. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, एकलव्य यांनीही भर घातली. तरी पुस्तके कमी आहेत हे मान्य. ती कमी का आहेत, याचे उत्तर पुन्हा ग्रंथालयाकडेच बोट दाखवते. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-दीड हजार प्रतींची असते. रंगीत चित्रपुस्तक तेवढ्या प्रतींत परवडत नाही. राज्यातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त ग्रंथालयाने एकेक प्रत घेतली तरी आवृत्ती दहा हजारांवर जाते आणि किंमत उतरते. ग्रंथालये मागणी करत नाहीत म्हणून प्रकाशक काढत नाही, आणि प्रकाशक काढत नाही म्हणून ग्रंथालयात नाही. ही साखळी तोडण्याची ताकद आज फक्त सार्वजनिक खरेदीत आहे.

शेवटचा आक्षेप जागेचा आणि शांततेचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. अभ्यासिकेत बसलेल्या तरुणाच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही. एका खोलीत चार माणसे राहतात, म्हणून तो इथे येतो. त्याच्या शेजारी बडबडगीते सुरू झाली तर त्याचा हक्क हिरावला जातो. याला उत्तर वेळेच्या वाटणीत आहे. रविवारी सकाळचा एक तास, नाहीतर आठवड्यातली एक दुपार लहान मुलांची असावी आणि ती फलकावर लिहिलेली असावी. तेवढीही जागा नसेल तर ग्रंथालयाने भिंतींच्या बाहेर पडावे. अंगणवाडीत महिन्याला वीस पुस्तकांची पेटी फिरवावी, समाजमंदिरात, देवळाच्या सभामंडपात, बाजाराच्या दिवशी पिंपळाच्या पारावर गोष्टीचा तास घ्यावा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेने २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या नुसत्या महाराष्ट्रात नव्हे, परदेशातल्या मराठी घरांपर्यंत नेल्या. परमुलखात मराठी टिकवू पाहणाऱ्या आईबापांना मुलांच्या पुस्तकांची निकड किती असते, हे वेगळे सांगायला नको. पेटी दुबईला जाऊ शकते तर ग्रंथालयापासून दोन गल्ल्या पलीकडच्या वस्तीत जायला कसली अडचण आहे? प्रश्न इतकाच की ही कामे एखाद्या तळमळीच्या माणसाच्या जिवावर चालतात. तो थकला की पेटी थांबते. नियमाने चालणारी सेवा माणूस बदलला तरी चालू राहते.

नियमाने काय होऊ शकते ते शेजारच्या राज्याने दाखवले आहे. कर्नाटकाने २०१९ मध्ये साडेपाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालये ग्रामविकास खात्याकडे दिली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये 'ओदुव बेळकु' अभियानातून सहा ते अठरा वयाच्या मुलांना मोफत सभासदत्व दिले. शाळा बंद होत्या त्या दिवसांत लाखो मुलांची नावे गावच्या ग्रंथालयात नोंदली गेली. अनामत आणि वर्गणी ही किरकोळ रक्कम वाटते, पण तिने किती मुले दाराबाहेर ठेवली होती ते ती काढल्यावर दिसले. या अभियानाचीही मर्यादा तीच : सुरुवात सहाव्या वर्षी. महाराष्ट्राला त्याच्या पुढचे पाऊल टाकता येईल.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नियमांत चार ओळी पुरतात. जन्मनोंदणीपासून मुलाला विनाअनामत, विनावर्गणी सभासदत्व द्यावे आणि त्या कार्डावर घरातल्या कुणालाही पुस्तक नेता यावे. पुस्तकखरेदीतला ठरावीक हिस्सा सहा वर्षांखालच्या मुलांच्या पुस्तकांसाठी राखावा. त्या पुस्तकांची फाटतूट तपासणीत दोष धरू नये. आणि ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना कपाटातली पुस्तके मोजण्याबरोबरच वर्षभरात किती लहान मुलांनी पुस्तके घरी नेली आणि गोष्टीचे किती तास झाले, हेही मोजावे. तपासनीस जे मोजतो तेच संस्था करते, हा आपल्या सगळ्या कारभाराचा अनुभव आहे. शासनाने हे करीपर्यंत कार्यकारी मंडळांनी थांबण्याचे मात्र कारण नाही. 'वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे' या विषयावर आपण दरवर्षी परिसंवाद घेतो. एक वर्ष तो घेऊ नये. तेवढ्याच पैशांत चाळीस चित्रपुस्तके आणि एक सतरंजी घ्यावी, आणि पुढच्या रविवारी गावातल्या आयांना मुलांसकट बोलवावे.